बोक्याचं आठवं घर

मोरीच्या कोपऱ्यात बोक्यासाठी ठेवलेल्या वाळूच्या घमेल्याकडे मुंग्यांची रांग लागली की घरातलं कोणीतरी हळदीची चिमूट आणि केरसुणी घेऊन येतं. मुंग्या जातात, वाळू बदलली जाते, विषय संपतो. त्या इथे कशाला आल्या होत्या, हे सहसा कोणी विचारत नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र ते विचारलं होतं. प्रमेहाच्या रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण चरकसंहितेत आहे आणि ‘मधुमेह’ हे नावच मुळी त्या गोडीवरून पडलंय. तेव्हा घमेल्यात मुंग्या दिसल्या, बोक्याचं वय दहाच्या पुढे असलं, पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागत असलं आणि भरपूर खाऊनही त्याच्या पाठीचा कणा हाताला टोचायला लागला असला, तर हळद बाजूला ठेवून पशुवैद्याला फोन करावा. आणखी एक खूण कोणाच्याही लगेच लक्षात येईल अशी आहे. मांजर एरवी चवड्यांवर चालतं. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि ते मागच्या टाचा टेकून सशासारखं बसकं चालू लागतं. कालपर्यंत एका उडीत फडताळावर जाणारा बोका आज कट्ट्याकडे नुसता बघत बसतो.

मांजराचा मधुमेह आपल्या ‘टाइप २’ला अगदी जवळचा. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंडही थकतं आणि त्यात ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. हे साचणं माणसात होतं, मांजरात होतं; उंदरात आपसूक होत नाही. साधारणपणे शंभर ते पाचशे मांजरांत एखाद्याला हा रोग होतो आणि नसबंदी झालेले, घरबसे, वजनदार बोके त्यात पुढे असतात. कधी दुसऱ्या आजारासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे साखर चढते, तर कधी मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीवरच्या गाठीमुळे. ब्रिटनमध्ये २०१५ साली १,२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं तेव्हा जवळजवळ चारांतल्या एकात अशा गाठीचा संशय घेण्याजोगा संप्रेरकाचा आकडा सापडला. म्हणजे साखर काही केल्या आटोक्यात येत नसेल तर तो नेहमीच सांभाळणाऱ्याचा आळस नसतो.

आता हा बोका कसब्यातला आहे असं समजू. कसबा पेठ म्हणजे पुण्याचं मूळ गाव. कसबा गणपती, लाल महाल, दोन्ही शेख सल्ला दर्गे, कुंभारवाडा, तांबट आळी हे सगळं हाकेच्या अंतरात आणि मधल्या बोळांमध्ये वाडे. वाड्यांना मांजर कधी ‘पाळावं’ लागलं नाही. ते असायचंच. माडीवर एक, जिन्याखाली एक, कोणाच्या नावावर कोणीच नाही. चार बिऱ्हाडांत चार वेळा दूध-पोळी खाऊन रात्री उंदरांवर लक्ष ठेवायचं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपण म्हणतो, ते अशा वाड्यात एका दिंडी दरवाजाच्या आतच पुरं व्हायचं. वाडे पाडून इमारती झाल्या आणि ही व्यवस्था मोडली. बिऱ्हाडं कोथरूडला, धायरीला, वाघोलीला पांगली. वाड्यात राहिलेली एखादी वृद्ध बाई गेली किंवा मुलाकडे परदेशी गेली की मागे तिचं मांजर उरतं. ते म्हातारं, तिच्याखेरीज कोणाच्या हाताला न येणारं आणि वर रोज दोनदा सुई लागणारं. या मांजराला आठवं घर शोधायचं आहे.

अशा वेळी लोक ‘प्रेमळ घर’ शोधतात. माझ्या मते ही पहिली चूक. प्रेमळ माणसं उचलतात, कुरवाळतात, पाहुण्यांना दाखवतात, मुलांच्या मांडीवर ठेवतात. भित्र्या मांजराला यातलं काहीच नको असतं. त्याला वेळ पाळणारं घर हवं असतं. आणि मधुमेही मांजराच्या बाबतीत हा स्वभावाचा लाड नाही, औषधाचा भाग आहे.

मांजर घाबरलं की त्याच्या रक्तात ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं उसळतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पळायला किंवा लढायला ताकद मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे आणि ती सगळ्याच प्राण्यांत असते. मांजरात मात्र ती फार जोरकस. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली वीस निरोगी मांजरांवर पाच मिनिटं पाण्याचा फवारा धरून रक्तातली साखर मोजली. ती झपाट्याने वर गेली, आणि जी मांजरं जास्त झटापट करत होती त्यांची जास्त. पाच मिनिटांच्या आंघोळीची किंमत काही मांजरं दीड तासानंतरही फेडत होती. म्हणून दवाखान्याच्या टेबलावर, शेजारी कुत्रं भुंकत असताना घेतलेला ३००चा आकडा खरा मधुमेह सांगतो की नुसती भीती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करतात. माणसाची ‘तीन महिन्यांची साखर’ जशी एचबीएवनसीवरून कळते, तशी मांजराची मागच्या दोनेक आठवड्यांची यावरून. लघवीत साखर उतरायला मांजराच्या रक्तात ती साधारण २५० ते २९०च्या पुढे जावी लागते. माणसात १८० पुरते. त्यामुळे घमेल्यापाशी मुंग्या रोजच दिसत असतील तर ते एका दिवसाच्या घाबरण्याचं काम नव्हे.

याचा दुसरा अर्थ घर शोधणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवा. रोज घाबरणाऱ्या मांजराची साखर रोज वरखाली होते. पशुवैद्य आकडा बघून डोस वाढवतो. मग एखादा दिवस शांत जातो, साखर चढत नाही, आणि वाढवलेला डोस जास्त होऊन ती धोकादायक खाली येते. शांत घरात तेच औषध कमी मात्रेत आणि भरवशाने काम करतं.

शांत म्हणजे काय, याबद्दल मात्र कसब्यातल्या माणसाने बाहेरच्या कल्पना उसन्या घेऊ नयेत. तांबट आळीत सकाळपासून तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडत असते. मठारकामाचा तो ठोका, हंड्याच्या पोटावर एकेक खळगा उमटवत जाणारा, पेशवाईपासून या भागाचा आवाज आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो डोक्यात जातो, आणि तिथेच जन्मलेलं मांजर त्या ठोक्यावर पाय पोटाशी घेऊन झोपतं. मांजराला जवळपास ८५ हजार हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, माणसाची धाव २० हजारांपर्यंत. म्हणजे आपल्याला जी शांतता वाटते ती त्याच्यासाठी भरगच्च असते. त्याला आवाजाचं भय नाही. कुठून, कधी, किती येईल हे न कळणाऱ्या आवाजाचं आहे. पेठेतला बोका कोथरूडच्या ‘एकदम शांत’ सोसायटीत नेला आणि तिथे दर तासाला कुरिअरवाल्याची कर्कश घंटा वाजत असली, तर त्याला तांबट आळी बरी वाटेल.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग बघू नका. संध्याकाळी सातला जा, पंधरा मिनिटं बोलणं बंद करून बसा आणि ऐका. कुकर, मिक्सर, वरच्या मजल्यावरची फरफटणारी खुर्ची, शिकवणीला येणारी मुलं, दार आपटण्याची पद्धत. जुन्या वाड्याची मागच्या अंगाची खोली, जाड भिंतींची, एकाच दाराची, पुष्कळदा नव्या इमारतीतल्या तीन खोल्यांपेक्षा सरस निघते. ‘मुळशीला आमचं फार्महाऊस आहे, मोकळं आहे, मजेत राहील’ असा निरोप हमखास येतो. आभार मानून नाही म्हणावं. मोकळं रान, मोकाट कुत्री आणि रखवालदाराच्या हातातली सुई यात हा बोका पंधरवडाभरही टिकणार नाही.

वर्षातले काही दिवस मात्र कसब्यात कोणतंच घर शांत नसतं. कसबा गणपती मानाचा पहिला. विसर्जनाची मिरवणूक त्याच्यामागे निघते आणि चोवीस तासांहून जास्त चालते. ढोलताशाचा सराव त्याच्या दोन महिने आधीपासून नदीपात्रात सुरू झालेला असतो. पुढे दिवाळीचे फटाके. आषाढापासून कार्तिकापर्यंत या बोक्याला नव्या घरी नेणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं आहे. ज्या घरी तो आहे तिथेच, ओळखीच्या पलंगाखाली, ते दिवस काढू द्यावेत.

मग हे वेळ पाळणारं घर कोणाचं? माझ्या डोळ्यांपुढे एक घर आहे आणि पेठांमध्ये त्याची वाण नाही. निवृत्त जोडपं, किंवा एकटे आजोबा. सकाळी साडेसहाला चहा, सातला इन्सुलिन, साडेसातला नाश्ता. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी बाटली आधीच ठेवलेली. सुईची भीती केव्हाच मोडलेली, साखर खाली गेली की घाम कसा फुटतो हे स्वतःच्या अंगावरून ठाऊक. अशा माणसाला ‘बारा तासांच्या अंतराने, खाण्यासोबत’ हे समजावून सांगावं लागत नाही. तरुण प्राणिप्रेमी मुलगी हौसेने तयार होते, पण तिची रात्रपाळी असते, शनिवारी ट्रेक असतो आणि पुढच्या वर्षी बंगळुरूची नोकरी असते. आजोबा कुठेही जाणार नसतात.

एक सोडून, आणि ते स्पष्ट बोलावं लागतं. ‘आजोबा, तुम्हाला दवाखान्यात राहावं लागलं तर बोक्याचं कोण करेल?’ पुतण्या, भाची, खालच्या मजल्यावरच्या काकू, कोणीतरी एक नाव ठरलेलं असावं आणि त्या माणसाने सुई धरून पाहिलेली असावी. लोक हा प्रश्न संकोचाने टाळतात. ज्येष्ठ माणसं मात्र त्याला फार शांतपणे उत्तर देतात असा अनुभव आहे.

अशा घरातला खरा धोका वेगळाच आहे. आजोबांचा डोस वीस युनिट असू शकतो, बोक्याचा बहुधा एकापासून सुरू होतो. बाटल्या दोन, पिचकाऱ्या दोन प्रकारच्या, आणि चष्मा सापडत नाही. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं: एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. प्रत्येकाची सिरिंज वेगळी. ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी. मांजरांना पुष्कळदा दिलं जाणारं ग्लार्जिन १००चं असतं. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १च्या खुणेपर्यंत भरलं तर आत जातं अडीच युनिट. माणसाला दीड युनिटाने फारसा फरक पडत नाही. चार किलोच्या बोक्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून दोन वेगळे डबे, वेगळ्या कप्प्यांत, आणि बोक्याच्या डब्यावर चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. डॉक्टरांनी सांगितलेलं इन्सुलिन दुकानदाराने ‘सेमच आहे’ म्हणून बदलून दिलं तर घेऊ नये.

टोचणं मात्र वाटतं त्याच्या दहावा हिस्साही अवघड नाही. वाटी खाली ठेवायची. बोका खायला लागला की डाव्या हाताने त्याच्या कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी. उजव्या हातातली सुई त्या तंबूच्या पायथ्याशी सरकवायची, दाबायचं, काढायचं. अगदी बारीक अशी ती सुई असते आणि बहुतेक मांजरं वाटीतून मान वर करत नाहीत. बोट ओलं लागलं, म्हणजे थोडं औषध केसांतच सांडलं, तर काय? पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं याची शंका असली तरी पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही. साखर एक दिवस चढलेली चालते. उतरली तर तासाभरात झटके येऊ शकतात. बोका झिंगल्यासारखा चालू लागला, लुळा पडला, तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरडीवर चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि रिक्षा बोलवायची. बोका खातच नसेल तर ठरलेला डोस डोळे मिटून देऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

घरी साखर मोजायची तर कानाच्या कडेच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब पुरतो. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराचा आकडा थोडा कमी दाखवतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. त्यांना कोणत्या यंत्राने मोजलं ते सांगावं. भित्र्या बोक्यासाठी आणखी बरी सोय म्हणजे माणसं दंडावर लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सर. पाठीवरचे केस काढून तो चिकटवला की रोजची टोचाटोची वाचते आणि पलंगाखाली बसलेल्या बोक्याची साखर मोबाइलवर दिसते.

आता पेठेतला नाजूक प्रश्न: जेवण. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर जवळजवळ नसतं, आणि जेवणानंतर आलेली साखर झटकन साठवणारं यकृतातलं ग्लुकोकायनेज हे विकर फारच कमी. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याला दूध-भात आणि दूध-पोळी घातली. ते ती खात आलं, कारण उरलेलं पोट ते उंदीर मारून भरत होतं. उंदीर हा मांजराचा आदर्श आहार आहे. त्यात प्रथिनं आणि चरबी, पिष्ट जवळजवळ नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर गेला आणि दूध-पोळी तेवढी राहिली. मधुमेही बोक्याला ती बंद. कोरड्या दाण्यांच्या खाण्यातही पिष्ट बरंच असतं, ओलं डबाबंद खाणं सहसा बरं. नुसतं उकडलेलं चिकन रोज दिलं तर कॅल्शियम आणि इतर गोष्टी कमी पडतात, तेव्हा डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावं. खाणं बदललं की इन्सुलिनची गरजही उतरते. म्हणून हा बदल त्यांना न सांगता करू नये.

तेव्हा शाकाहारी घराला सरळ विचारावं: ‘चिकनची वाटी तुमच्या ओट्यावर चालेल का?’ नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नये. काही घरं बाल्कनीत वेगळा कट्टा, वेगळी वाटी, वेगळा चमचा अशी तोड काढतात आणि ती उत्तम चालते. फसवणूक तेव्हा होते जेव्हा तोंडाने ‘हो हो’ म्हणतात आणि मागून काकू ‘अहो, एवढ्याशा दुधाने काय होतंय?’ म्हणत बशी सरकवतात. प्रेमळ घराबद्दल वर जे म्हटलं ते यासाठीच.

प्रत्यक्ष नेण्याची जुनी रीत म्हणजे गोणपाटात घालायचं आणि सोडून यायचं. नदीपलीकडे, मंडईत, मासळी बाजारापाशी. ‘तिथे खायला मिळतं’ अशी स्वतःची समजूत घालत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११प्रमाणे भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजच्या पुण्यात त्यात मिसळही येत नाही, म्हणून या कायद्याला कोणी भीत नाही. पण मधुमेही बोक्याला असं सोडणं म्हणजे त्याला सावकाश मारणं. इन्सुलिन थांबलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साचतं, उलट्या होतात आणि तो कुठल्यातरी हातगाडीखाली पडून राहतो.

नवी रीत सावकाशीची आहे. आधी पंधरा दिवस आजोबांनीच रोज सातला इकडे यावं. पहिले काही दिवस नुसती वाटी ठेवावी आणि भिंतीकडे तोंड करून पेपर वाचावा. बोक्याने पाहिलं तर डोळे हळूच मिटून उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की असं संथ डोळे मिचकावणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त सहज जातात. मग वाटीसोबत पाठीवर एक बोट, मग चिमूट, मग सुई. बोक्याने घर सोडण्याआधी सुई देणारा हात ओळखीचा झालेला असावा. वाटी, घमेलं, वाळू, तीच जुनी न धुतलेली गोधडी, सगळं त्याच्यासोबत जावं. गोधडी धुऊन दिली तर त्याच्या दृष्टीने ती दिलीच नाही.

नव्या घरी एकच खोली, आणि त्या खोलीत लपायला खोकं. नेदरलँड्समधल्या एका आश्रयघरात २०१४ साली एकोणीस नव्या मांजरांपैकी दहांना लपायला खोकी दिली, नऊंना दिली नाहीत. खोकीवाली तीन-चार दिवसांत सावरली, बाकीच्यांना बराच जास्त वेळ लागला. मधुमेही मांजरासाठी यात एक भर घालायला हवी. ते जिथे लपेल तिथे आपला हात पोचला पाहिजे. दिवाणाखालची पोकळी, फडताळामागची फट, धुण्याच्या यंत्राची मागची बाजू हे सगळं आदल्या दिवशी उशा-फळ्यांनी बंद करावं आणि दोन बाजूंनी उघडं, वरून झाकण निघणारं खोकं भिंतीला लावून ठेवावं. नाहीतर सातला आजोबा पोटावर पडून काठीने बोका काढत बसतात आणि पंधरा दिवसांची ओळख पाच मिनिटांत पुसली जाते. खिडकीला जाळी आधी, बोका नंतर. तो पहिल्या चोवीस तासांत काहीच खात नसेल तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणत बसू नये. उपाशी राहिलेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मधुमेही असेल तर दुखणं दुप्पट वेगाने चढतं.

जाहिरात लिहिताना खोटं लिहू नये. ‘गोड, लाघवी, खेळकर’ असं लिहिलं की बघायला वीस जण येतात आणि आठवड्यात बोका परत येतो. प्रत्येक परतीसोबत त्याची साखर वर जाते. मी असं लिहीन:

‘बोका, वय सुमारे १२, नसबंदी झालेली. मधुमेह आहे. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ इन्सुलिन टोचावं लागतं, शिकवू. अनोळखी माणसाला घाबरतो. फिस्कारतो, चावत नाही. पहिला महिना दिसणारही नाही, मांडीवर कदाचित कधीच येणार नाही. लहान मुलं, कुत्रं, दुसरं मांजर नसलेलं घर हवं. घरात मांसाहार चालायला हवा. औषध-खाण्याचा महिन्याचा हिशेब दाखवू. पहिले तीन महिने खर्च आमचा. जमलं नाही तर कधीही परत घेऊ.’

याला दोनच फोन येतील. त्यातला एक कामाचा असतो. हा फोन करणाऱ्याला दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्यात. एक, २०२२पासून पुणे महापालिकेने पाळीव मांजरांनाही परवाना लागू केला आहे. लसीच्या कागदांसोबत तो आपल्या नावावर करून घ्यावा. दुसरी, हे ओझं जन्माचं असेलच असं नाही. निदान झाल्यावर लवकर उपचार सुरू झाले, पिष्ट कमी केलं, वजन उतरलं, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं. कुत्र्यात हे क्वचितच घडतं. अमेरिकेत २०२२च्या डिसेंबरात आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये मांजरांसाठी तोंडाने देण्याची दोन औषधंही मान्य झाली, पण ती आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत, तेव्हा आपल्या बोक्याला ती आशा लावू नये.

आणि घर मिळालंच नाही तर? भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेत एक पिंजरा हा पर्याय मी या बोक्यासाठी धरत नाही. त्यापेक्षा तो आहे तिथेच राहावा आणि शेजाऱ्यांनी पाळी लावावी: सकाळ एका घराची, संध्याकाळ दुसऱ्याची, भिंतीवर कॅलेंडर, टोचल्यावर त्या तारखेवर त्या वेळेची खूण. त्या वेळेची खूण नसली तर टोचायचं, असली तर नाही. वाड्यातल्या चार बिऱ्हाडांचा बोका असाच जगत होता, फरक एका सुईचा.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनची बाटली आधीच असेल, मागच्या अंगाला एक रिकामी खोली असेल आणि सातच्या ठोक्याला घरी असणं मोडत नसेल, तर आपल्या पशुवैद्याकडे शब्द टाकून ठेवा. त्यांच्याकडे असा एखादा बोका बहुधा असतो. मात्र आणायचा तो त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर.